ग्रंथांची पंचमी

कार्तिक शुद्ध पंचमीस जैन समाजात ज्ञानपंचमी साजरी होते. त्या दिवशी पूजा होते ती ग्रंथांची. पावसाळ्यात दमटलेली हस्तलिखिते बाहेर काढावीत, धूळ झाडावी, वेष्टने बदलावीत आणि ग्रंथ लोकांच्या दर्शनास मांडावेत, असा हा प्रघात. कसर व वाळवी यांच्याविरुद्ध धर्मभावनेने बसविलेला हा पहाराच होय. गुजरातेतील पाटणची ताडपत्रे शतकानुशतके टिकली, त्यात या जपणुकीचा वाटा मोठा. पाटण तेव्हा बडोदे संस्थानात होते. १९१४ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारने चिमणलाल दलाल यांस तेथील भांडारे तपासण्यास धाडले. त्या शोधातूनच गायकवाड प्राच्य ग्रंथमाला जन्मली आणि १९१६ साली राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ तिचा पहिला ग्रंथ म्हणून छापली गेली. पूजेने ग्रंथ राखले खरे. पण त्यांना वाचक लाभले ते मुद्रणामुळे.