मूठभर धान्य आणि एक सही



सहामाही परीक्षेचा निकाल लागला की मुलगा प्रगतिपुस्तक वडिलांपुढे ठेवतो. वडील गुणांवरून नजर फिरवतात, चार शब्द सुनावतात आणि सही करतात. माध्यमिक शाळेशी पुष्कळशा घरांचा संबंध एवढ्यावरच संपतो. हा संबंध इतका आखूड का झाला, आणि तो नेहमीच असा होता काय, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढे हायस्कुलातले सारे शिक्षण ह्या परीक्षेच्या दिशेने वाहू लागले. माध्यम इंग्रजी, तेव्हा ज्या बापाला ती भाषा येत नसे, त्याला मुलाच्या पुस्तकात डोकावण्याची सोय नव्हती. मुलगा पास की नापास, एवढेच त्याला कळे. निकालापुरते पाहण्याच्या आपल्या सवयीचे मूळ बहुधा तेथे आहे.

तथापि त्याच काळात काही शाळा पालकांच्या विश्वासावरच उभ्या राहिल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक ह्यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. ती खाजगी शाळा. आपल्या मुलाचे नाव तेथे घालणे हाच पालकाचा कौल होता. १८८४ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी पुण्यातच मुलींचे हायस्कूल सुरू केले. तेच पुढे हुजूरपागा म्हणून नावाजले. मुलींना काय शिकवावे ह्यावर वर्तमानपत्रांत कडाक्याचा वाद झाला. परंतु मुलीला शाळेत धाडावयाचे की नाही, ह्याचा निकाल घराच्या माजघरातच लागत असे.

पालक व शाळा ह्यांचे नाते ह्याहून निकट आले ते सातारा जिल्ह्यात. भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह उघडले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका पंक्तीस जेवत. त्यांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. मुष्टिफंडाची प्रथा ह्याच कार्यातली. गृहिणीने घरच्या धान्यातून एक मूठ बाजूस काढावी आणि ते धान्य गोळा होऊन मुलांच्या मुखी लागावे, अशी ती योजना. देणाऱ्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. पण त्या मुठीमुळे शाळा ही आपली वस्तू झाली. १९४० साली ह्याच संस्थेने साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले.

मात्र ह्या चित्रात एक उणीव होती, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. धान्य देणाऱ्या माउलीला शाळेच्या कारभारात बसण्याची जागा नव्हती. ती जागा पुढे कायद्याने दिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तीत तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक घातला. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता. म्हणजे मुलगा नववीत गेला की त्याची हद्द संपते. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्कविषयक कायद्याने पालक-शिक्षक संघाला स्थान दिले, तरी तेथील मुख्य प्रश्न फीचा.

सारांश, पूर्वी मूठ होती पण जागा नव्हती. आज जागा आहे पण मूठ नाही. आजची मूठ धान्याची नव्हे, वेळेची. पालकसभेस जावे, आणि एकट्या वडिलांनी नव्हे तर आईनेही जावे. गुण किती पडले हे विचारण्याआधी मुलाला कोणता धडा अवघड जातो, वर्गात तो बोलतो की गप्प बसतो, हे गुरुजींना विचारावे. घरात आजारपण किंवा चणचण असेल तर तेही त्यांच्या कानावर घालावे. आपल्याला बीजगणित येत नाही म्हणून संकोच नको. रोज संध्याकाळी मुलाने आजचा पाठ आपल्याला समजावून सांगावा आणि आपण तो मनापासून ऐकावा, एवढे पुरे.

मग प्रगतिपुस्तक पुढे येईल तेव्हा त्यातले आकडे आपल्याला अनपेक्षित नसतील, आणि खाली केलेली सही केवळ निकाल पाहिल्याची खूण उरणार नाही.