ग्वाल्हेरचा गळा आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर

ग्वाल्हेर घराण्याच्या खुल्या, जोरकस गळ्याची घडण ध्वनिवर्धकाच्या आधीची आहे. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९१८ मध्ये भातखंडे यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हाही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याचा भार गवयाच्या छातीवरच होता. तो पुढे व्हॉल्व्हने, म्हणजे निर्वात काचनळीने, उचलला. तिच्यातील तापलेल्या कॅथोडकडून ॲनोडकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मधल्या जाळीवरील विद्युतदाबाच्या किंचित बदलानेही कमी-जास्त होतो.

हे गाणे घरी ऐकण्यासाठी अशा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतः जुळवणाऱ्या हौशींसाठी इंग्लंडमध्ये दोन आराखडे विशेष गाजले : १९४७ चा विल्यमसन या अभियंत्याचा, आणि १९५४ चा मलार्ड कंपनीचा, पाच व्हॉल्व्हचा व दहा वॉटचा. विल्यमसनची सारी मदार आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर, आणि तो घरी गुंडाळायचा म्हणजे प्राथमिक व दुय्यम वेटोळ्यांचे थर आलटून-पालटून बसवण्याचे किचकट काम. मलार्डचा आराखडा त्यामानाने सोशीक. ख्यालाच्या घरगुती श्रवणाला दहा वॉट पुरून उरतात, त्यामुळे दुसरी निवडच शहाणपणाची म्हणावी लागते. मात्र ३०० व्होल्टांच्या आसपास भारलेले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही जबर झटका देऊ शकतात.