खिळ्यावरचा कप

आमच्या आजोबांचं चहाचं हॉटेल होतं. तासगाव तालुक्यातलं छोटं गाव, एस.टी. थांब्यासमोर पत्र्याचं शेड, दोन बाकडी, एक स्टोव्ह. शेडच्या बाहेर मेढीला एक खिळा होता आणि त्याला कान तुटलेले दोन कप अडकवलेले असायचे. महार-मांगाचा माणूस आला की त्यानं तो कप आपणच काढायचा, पुढं धरायचा. आजोबा वरून चहा ओतायचे. पिऊन झाला की कप आपणच विसळून परत खिळ्याला. पैसे फळीवर ठेवायचे, हातात नाहीत. हे मला वडिलांनी सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. आमच्या घरात आजोबांच्या चहाची चव निघते, खिळ्याची गोष्ट निघत नाही.

त्या काळी तसंच होतं, असं म्हणून हा विषय मिटवायची आपल्याकडं पद्धत आहे. म्हणून 'तो काळ' जरा नीट बघूया.

1901 साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनावर उतरला. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीला होते, त्यांच्याकडं जायचं होतं. मुलांचे कपडे चांगले. स्टेशन मास्तर आधी आपुलकीनं बोलला, जात कळल्यावर मागं सरला. गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळेना. रात्री टोलनाक्यावर त्यांनी आपण मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं, तरी नाही मिळालं. मसूर ते गोरेगाव म्हणजे काही सहारा वाळवंट नव्हे. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला हा प्रसंग आहे. पुढं कोलंबियात शिकून आल्यावर बडोद्यात पारशी नाव घेऊन एका पारशी उताऱ्यावर राहावं लागलं, आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. पैसे मोजून जेवणारा, राहणारा माणूस. तरीही.

आता त्याच काळातली दुसरी बाजू. कोल्हापूर आमच्यापासून फार लांब नाही. शाहू महाराजांच्या पागेतल्या गंगाराम कांबळेंनी पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना पैसे देऊन स्वतंत्र धंदा काढायला लावला. भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायला लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. भाषण नाही, ठराव नाही, नुसता चहा. मला वाटतं, कितीतरी परिषदांपेक्षा तो कप जास्त बोचला असेल.

साताऱ्यात 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या पोरांचं वसतिगृह काढलं. एकत्र राहणं, एकत्र स्वयंपाक, एकाच पंगतीत जेवण. ते चालवायला लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. तेव्हा कळत नव्हतं म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की ज्यांना कळत होतं ते आपल्याच जिल्ह्यात राहत होते.

आणि कायदा? घटनेच्या कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी यांचा चक्क नावानिशी उल्लेख आहे. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचंही नाव घेतलंय. लोकांसाठी ठेवलेलं भांडं वापरू दिलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, शिवाय हॉटेलचा परवाना जाऊ शकतो. दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांना आमच्या आजोबांचा खिळा माहीत होता म्हणा ना. तरी तो खिळा 72 च्या दुष्काळापर्यंत मेढीला होता. त्याच सुमाराला बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' घेऊन गावोगाव फिरत होते.

खिळा काढला तोही कुणाला उपरती झाली म्हणून नव्हे. दुष्काळी कामावर खडी फोडणारी पोरं एक दिवस आली, आत बाकड्यावर बसली आणि आतल्या कपातनं चहा मागितला. आजोबा म्हणाले, दूध संपलंय. पोरं म्हणाली, "बिनदुधाचा द्या, आम्ही बसतो." संध्याकाळपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली. चार दिवसांचा धंदा बुडाल्यावर पाचव्या दिवशी चहा मिळाला.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळंय. आमच्याच भावकीतल्या एकाचा हायवेला धाबा आहे. कप सगळ्यांना सारखा. पण गेल्या महिन्यात एका पोराला कामासाठी मी त्याच्याकडं पाठवलं. कॅटरिंगचा कोर्स केलेला, हाताला चव असलेला पोरगा. त्याला आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठं ते विचारलं. काम दिलं ते टेबल पुसायचं आणि भांड्यांचं. भट्टीपाशी नाही.

मी जाऊन विचारलं. म्हणाला, "दादा, मला काय नाय हो त्याचं, पण गिऱ्हाईक विचारतंय, स्वयंपाकाला कोण आहे म्हणून."

"कुठलं गिऱ्हाईक? एकाचं नाव सांग."

त्याला सांगता आलं नाही. मग मी आजोबांच्या खिळ्याची गोष्ट त्याला सांगितली, अख्खी, चार दिवसांच्या बुडालेल्या धंद्यासकट. त्याला राग आला, मेलेल्या माणसाची इज्जत काढतो म्हणाला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. पोरगं अजून भांड्यावरच आहे. रविवारी आम्ही पाचसहा जण तिथं जेवायला जाणार आहोत, आणि भाजी त्या पोरानंच करायची असं सांगणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा.