पाणबुड्या आणि पाणबुडी

आमच्या सोलापुरास समुद्र नाही. आमचा पाण्याशी परिचय म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव, पंढरपुरची चंद्रभागा, १९८० साली पुरे झालेले उजनीचे धरण, आणि या सर्वांहून निकटची अशी विहीर. या विहिरीवर आमच्या लहानपणी एक प्रसंग वरचेवर घडत असे. पाणी शेंदता शेंदता दोर तुटे आणि कळशी तळाशी जाई. प्रथम गळ टाकला जाई. गळास कळशी न लागली म्हणजे आळीतील एखाद्या पट्टीच्या पोहणाऱ्यास हाक मारण्यात येई. तो सूर मारून तळ गाठी, कळशी वर आणी, आणि त्याच्या धाडसाची चर्चा चार दिवस चाले. कळशीची मालकीण काठावर उभी राहून हे सारे पाहत असे. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती हात खाली जाते हे तिला दोराच्या मापाने तोंडपाठ होते. परंतु तळ पाहण्याचा अधिकार मात्र तिचा नव्हता. मुलाच्या पाठीस वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे ओंडके बांधून त्यास पाण्यात ढकलीत. मुलीस मात्र काठापासून दूर राहण्याची ताकीद मिळे.

या वाटणीचे कारण कोणास विचारले असते तर उत्तर ठरलेले होते. पुरुष स्वभावतःच धाडसी, स्त्री स्वभावतःच भित्री. आमच्या भाषेनेही यावर आपली मोहोर उठविली आहे. 'पाणबुड्या' म्हटले की डोळ्यांपुढे एक पुरुष उभा राहतो. 'पाणबुडी' हे त्याचे स्त्रीलिंगी रूप. पण ते ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे स्त्री येत नाही, लोखंडी युद्धनौका येते. व्याकरणाने जी जागा स्त्रीसाठी राखून ठेविली होती ती नौकेने पटकाविली, आणि आम्हां कोणास त्यात वावगे वाटले नाही. हा समज निसर्गावर आधारलेला आहे की केवळ वहिवाटीवर, याचा निर्णय इतिहासाच्या साक्षीने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिली साक्ष फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ४८० साली इराणच्या झर्क्सीझ बादशहाचे आरमार ग्रीसवर चालून आले व पेलिऑन पर्वताजवळ वादळात सापडले. त्या समयी स्किओनी गावचा स्किलिस नावाचा पाणबुड्या आणि त्याची मुलगी हिड्ना या दोघांनी पाण्याखाली जाऊन शत्रूच्या जहाजांचे नांगर ओढून काढले व त्यांच्या नाशास हातभार लावला, असे पॉसेनियस हा ग्रीक प्रवासी सांगतो. बापाने आपल्या लेकीस बुडी मारण्याची विद्या शिकविली होती, आणि डेल्फी येथे दोघांचेही पुतळे उभारले गेले होते, अशी त्याची नोंद आहे. गंमत ही की, त्या युद्धाच्या काळास अधिक जवळ असलेला हिरोडोटस हा इतिहासकार बापाची कथा सांगतो, तो पाण्याखालून ऐंशी स्टेडिया अंतर पोहून गेला या वदंतेवर अविश्वासही दाखवितो. परंतु मुलीचा मात्र त्याच्या ग्रंथात उल्लेखही नाही. तिचे नाव आपणांस मिळते ते सुमारे सहाशे वर्षांनंतरच्या लेखणीतून. कथा खरी असो वा रचलेली असो, नोंद कोणाची होते व कोणाची गळते हे तिच्यावरून कळून येते.

दुसरी साक्ष कोरियाच्या दक्षिणेस असलेल्या जेजू बेटाची. येथे समुद्रतळाचे शिंपले काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियाच करीत आल्या आहेत. त्यांस 'हेन्यो', म्हणजे समुद्रस्त्रिया, असे म्हणतात. श्वास रोखून, कोणत्याही यंत्राविना, त्या सुमारे दहा मीटर खोल जातात व वर येताना शीळ घातल्यासारखा सुस्कारा सोडतात. २०१६ साली युनेस्कोने या परंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आता वाचक म्हणतील की, तेथील स्त्रियांची प्रकृतीच निराळी असेल. परंतु सतराव्या शतकापर्यंत त्या बेटावर पुरुषही बुड्या मारीत होते. अॅबलोन नावाच्या मोठ्या शिंपल्यांची खंडणी राजास भरावी लागे. तिचा जाच असह्य होऊन कित्येक पुरुष बेट सोडून पळाले, आणि तो भार स्त्रियांच्या शिरावर आला. मग बुडी हे बायकांचे काम ठरले, आणि बायकाच त्यास योग्य कशा याची कारणेही मागाहून सापडू लागली.

त्यांतील एक कारण शास्त्रीय म्हणावे असे होते. हाँग आणि रान या दोन शरीरशास्त्रज्ञांनी या स्त्रियांचा अभ्यास करून १९६७ साली तो प्रसिद्ध केला. हिवाळ्यातील समुद्रात त्या केवळ सुती पोशाखात उतरत, आणि इतरांस जी थंडी सोसवली नसती ती सोसत. हा स्त्रीदेहाचा उपजत गुण असे कोणीही म्हटले असते. पण पुढील दशकात त्यांनी थंडी रोखणारे रबरी पोशाख वापरण्यास सुरुवात केली, आणि थोड्याच वर्षांत त्यांची ती विशेष सहनशक्ती ओसरली, असे संशोधकांस आढळून आले. जो गुण उपजत भासत होता तो सवयीने आलेला होता. सवय सुटली, गुणही गेला. आमच्या मते या विषयातील सर्वांत बोलका पुरावा हाच होय.

तिसरी साक्ष आपल्याच देशातील आहे. मन्नारच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे मार्को पोलोच्या काळापासून जगप्रसिद्ध आहेत. पायाशी दगड बांधून ते तळ गाठीत, आणि दोर धरून एक सोबती नावेत बसे. हे सर्व पुरुष. १९६१ नंतर तो धंदा संपला. परंतु त्याच आखातात रामनाथपुरम जिल्ह्यातील कोळी स्त्रिया समुद्रशेवाळ काढण्यासाठी आजही बुड्या मारतात. खडकांनी बोटे कापू नयेत म्हणून त्या त्यांस चिंध्या गुंडाळतात आणि दिवसाचे कित्येक तास पाण्यात काढतात. पाणी तेच, श्वास रोखणे तेच, जिवाची जोखीमही तीच. पण मोती काढणारा तो 'पाणबुड्या' झाला, आणि शेवाळ काढणारी ती नुसती 'शेवाळ वेचणारी' राहिली. आमच्या कोकणात तरी निराळे काय आहे? पुरुष मासे 'मारतो'; ओहोटीच्या वेळी खाडीत उतरून तिसऱ्या व कालवे काढणारी स्त्री ती 'वेचते'. एका क्रियापदात पराक्रम आहे, दुसऱ्यात नाही. केरळच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत तर अशी समजूत आहे की, दर्यावर गेलेल्या नवऱ्याची सुरक्षितता घरी राहिलेल्या बायकोच्या पातिव्रत्यावर अवलंबून असते. तकषी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही १९५६ ची कादंबरी याच समजुतीवर उभी आहे. म्हणजे किनाऱ्यावर राहणे हाच स्त्रीचा दर्यावरचा धर्म!

आता यंत्रयुगाकडे वळू. १९४३ साली झाक इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी पाठीवर दाबलेल्या हवेची नळकांडी घेऊन पाण्याखाली मोकळेपणी फिरण्याचे उपकरण सिद्ध केले. त्यातूनच पुढे स्कूबा डायव्हिंगचा प्रसार झाला. कुस्तोची गान्यांशी गाठ पडली ती त्याची पत्नी सिमोन हिच्या माहेरच्या संबंधातून. तिनेही हे उपकरण लावून बुड्या मारल्या आणि 'कॅलिप्सो' जहाजावर आयुष्यातील कित्येक वर्षे काढली. पण त्या जहाजाच्या जगभर गाजलेल्या चित्रपटांत ती क्वचितच दिसते. व्हिएन्नाच्या हान्स हास यांनी १९५० च्या तांबड्या समुद्रावरील मोहिमेत स्त्री नेण्यास आरंभी नकार दिला होता. चित्रपट कंपनीच्या आग्रहामुळे लोटे हिचा समावेश झाला. १९५४ साली झेल पॅरी हिने कॅलिफोर्नियाजवळ २०९ फूट खोली गाठली. १९७० साली व्हर्जिन बेटांत समुद्रतळावरील एका निवासात शास्त्रज्ञांच्या तुकड्या राहावयास गेल्या; तेव्हा स्त्री-पुरुषांनी एकत्र राहणे प्रशस्त न वाटल्याने सिल्व्हिया अर्ल यांच्या नेतृत्वाखाली पाच स्त्रियांची स्वतंत्र तुकडी करण्यात आली. त्या पाचजणी दोन आठवडे पाण्याखाली राहून शास्त्रीय काम करीत होत्या, आणि वर वृत्तपत्रे त्यांस जलसुंदरी म्हणून संबोधीत होती. याच अर्लबाई १९७९ साली हवाईजवळ १,२५० फूट खोल समुद्रतळावर चालून आल्या.

मग पाणबुड्याचा स्वभाव असावा तरी कसा? याचे उत्तर पाण्याच्याच नियमांत आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. म्हणून घाबरून श्वास कोंडून जो वर झेपावेल त्याची फुप्फुसे फाटण्याचा धोका असतो. सावकाश वर यावे, श्वास कधीही रोखू नये, सोबत्यास सोडू नये, त्याची हवा आपल्या हवेइतकीच जपावी, हे या विद्येचे पहिले धडे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन व त्यांचे सहकारी यांनी नवशिक्या पाणबुड्यांची परीक्षा घेऊन असे दाखविले की, ज्याच्या स्वभावात चिंतेचे प्रमाण अधिक तो पाण्याखाली भेदरण्याचा संभव अधिक. म्हणजे विचारावयाचा प्रश्न स्त्री की पुरुष हा नसून, चित्त स्थिर आहे की नाही हा आहे.

१९७४ साली सँड्रा बेम यांनी समाज ज्यांस पुरुषी वा बायकी समजतो अशा गुणांची एक कसोटी तयार केली. 'धोका पत्करण्याची तयारी' आणि 'स्वावलंबन' हे तीत पुरुषांच्या रकान्यात पडले, 'इतरांच्या गरजांची जाणीव' स्त्रियांच्या रकान्यात. आता वाचकांनीच पाहावे. पहिल्याविना कोणी पाण्यात उतरणार नाही. शेवटच्याविना सोबत्यास सांभाळून परत येणार नाही. बेमबाईंचेही म्हणणे हेच होते की, दोन्ही रकान्यांतील गुण एकाच माणसात नांदू शकतात. येथे आम्ही एक सावधगिरी बाळगतो. स्त्रिया अधिक जपणाऱ्या म्हणून त्याच अधिक चांगल्या पाणबुड्या, असे म्हणणे म्हणजे जुनाच समज उलटा करून मांडणे होय. जेजूच्या थंडीने आपणांस जे शिकविले ते येथेही लागू आहे. सावधपणा काय किंवा धाडस काय, ज्यास जे लहानपणापासून करू दिले ते त्याच्या अंगी आले.

कालमान पालटत आहे हे खरे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ज्या पाच जणांच्या पथकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये द्वारकेच्या समुद्रात शोधकार्य आरंभिले, त्यात तीन स्त्रिया होत्या. मालवणजवळ तारकर्लीस सुट्टीत जाणाऱ्या सोलापूरच्या कुटुंबांतील मुलीही आता पाण्याखाली जाऊन मासे पाहून येतात. परंतु चार घटकांची ती मौज आणि पोहण्याची विद्या यांत अंतर आहे. आमच्या दुष्काळी मुलखात पाणी शेंदताना पाय घसरून बायका-मुली विहिरीत बुडाल्याच्या वार्ता उन्हाळ्यात वाचावयास मिळतात. पाण्याशी जिचा रोजचा संबंध तिलाच पोहणे शिकवू नये, आणि मग पाण्यास भिते म्हणून तिला भित्री म्हणावे, हा न्याय कोठला? धाडसाच्या गोष्टी क्षणभर बाजूस ठेवू. हा जिवाचा प्रश्न आहे. ज्या घरात वाळका भोपळा अजून फळीवर असेल त्यांनी येत्या उन्हाळ्यात तो मुलाच्या आधी मुलीच्या पाठीस बांधावा, एवढीच आमची विनंती आहे.