मूळ प्रत एकच

पोथी हाताने उतरवली की पाठ हळूहळू बिघडत जातो. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीचेही तसेच झाले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ती शुद्ध करून घेतली आणि यापुढे कुणी यात पदरची ओवी घालू नये, असे शेवटी बजावले. सॉफ्टवेअरच्या वापरपुस्तिका आणि स्टॅटिक संकेतस्थळे यांच्या प्रकाशनाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला म्हणूनच सांगावेसे वाटते, की हा विषय तुम्हाला परका नाही. मूळ प्रत कोणती, ती कोणी बदलली, बदल कोणी तपासला, एवढ्याभोवतीच तो फिरतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्ससाठी लिहिलेले गिट प्रत्येक बदल नोंदून ठेवते. मजकूर मार्कडाउनच्या साध्या खुणांत लिहायचा, कच्चे काम वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे समांतर प्रतीवर, ठेवायचे, ते दुसऱ्याने वाचायचे. मग ह्यूगो किंवा स्फिंक्ससारखे साधन त्यातून पाने तयार करते; त्यालाच बिल्ड म्हणतात. तयार पानाला मात्र हात लावू नये. तिथे केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला पुसली जाते.

देवनागरीत आणखी जपावे लागते. ‘वैराग’ शब्द तीन अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याची ५ चिन्हे होतात, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट, आणि पानाच्या पत्त्यात टक्क्यांच्या खुणांसह तो उलगडला की ४५ वर्ण. पत्ते रोमनमध्ये ठेवायचे की देवनागरीत, हे पहिल्याच दिवशी ठरवा, कारण छापून वाटलेला पत्ता परत घेता येत नाही. ‘दुसऱ्या’ मधला ऱ तर दोन तऱ्हांनी साठवला जातो: एक अखंड चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण गिटला ओळ बदललेली दिसते आणि साधा शोध रिकाम्या हाताने परततो. सगळा मजकूर एकाच रूपात आणणारी तपासणी बिल्डच्या आधी हवीच. इंग्रजी पुस्तकांत ही अडचण क्वचित भेटते, म्हणून या पुस्तकात तिला जास्त जागा दिली आहे.

बार्शी–सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात पुस्तिका उघडते ती मोबाइलवर. तिथे स्टॅटिक पान सोयीचे, कारण ते आधीच तयार असते. ते मागितल्यावर सर्व्हरला डेटाबेस चाळावा लागत नाही.

प्रोग्रामिंग येत नसेल तरी या. ज्यांनी मुद्रिते तपासली आहेत, ऱ्हस्व-दीर्घ ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, अशांची या कामाला फार गरज आहे. तिसरे प्रकरण त्यांच्यासाठीच लिहिले आहे. त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

वैराग, ता. बार्शी