ऊन पाण्याचे गाव : मुंबई ते उनकेश्वर

#इतिहास #धागा

१/ आमच्या रेणापूरच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : "ते उनकेश्वरला गेले, ते गेलेच." हे 'ते' म्हणजे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. काळ निजामाच्या राज्याचा. अंगावर चट्टे उठले, बोटे बधिर झाली आणि एका पहाटे ते घरातून निघाले. घरातल्या वंशावळीत त्यांचे नाव नाही. आजचा धागा त्या वाक्याच्या शोधाचा आहे.

२/ निमित्त मात्र जपानचे. वसतिगृहातल्या मित्रांबरोबर जपानी 'ओन्सेन' गावांच्या चित्रफिती पाहत होतो. वाफाळणारे कुंड, लाकडी घरे, टोकियोहून दोन दिवसांसाठी आलेले पाहुणे. एकाने विचारले, "आपल्याकडे असे गाव का नाही?" मला आजीचे वाक्य आठवले. आठवडाभरात मी मुंबईहून नंदिग्राम एक्स्प्रेसने निघालो. पहाटे नांदेडला आजी आणि काका चढले आणि उजाडल्यावर आम्ही किनवटला उतरलो.

३/ उनकेश्वर नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूर परिसरात, पैनगंगेच्या काठी आहे. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. रेणापूरची ग्रामदेवता रेणुका आणि माहूरचीही रेणुकाच. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला हा रस्ता परका नव्हता. माहूरला जातो असे सांगून उनकेश्वरला जाता येत असे. आजारी माणसाला अशा आडोशाची गरज असते, हे मला पुढे कळले.

४/ आधी नाव पाहू. संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'ऊन'. आजही आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो तेव्हा सूर्याशी त्याचा संबंध नसतो. आता नकाशा उघडा : राजापूरजवळ उन्हाळे, पालीजवळ उन्हेरे, दापोली तालुक्यात उन्हवरे, जळगाव जिल्ह्यात उनपदेव आणि आमचे उनकेश्वर. ही सगळी गरम पाण्याच्या झऱ्यांची ठिकाणे. ताम्रपट वा शिलालेख हाती नसला तरी गावाचे नाव हाही एक पुरावाच असतो.

५/ पाणी गरम का? महाराष्ट्रात जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोल उतरते. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते आणि येताना खडकांतील क्षार सोबत आणते. भारतातील अशा झऱ्यांची पहिली मोठी सूची थॉमस ओल्डहॅम यांनी सिद्ध केली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती १८८२ मध्ये प्रसिद्ध केली.

६/ लोकमानसाचे उत्तर निराळे आहे. उनकेश्वरची आख्यायिका अशी : वनवासात राम येथे आले. शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला होता. रामाने बाण मारला, भूमीतून ऊन पाणी उसळले आणि त्या पाण्याने ऋषी बरे झाले. आश्चर्य म्हणजे शेकडो किलोमीटर दूर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या उनपदेवलाही रामाचा बाण आणि शरभंग ऋषी यांचीच कथा सांगतात. दोन्हीकडे हेच ऋषी का?

७/ वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात शरभंग भेटतात. तेथे कुष्ठरोग नाही आणि गरम पाण्याचा झराही नाही. वृद्ध शरभंग रामाचे दर्शन घेऊन स्वेच्छेने अग्नीत प्रवेश करतात. त्यांचे केस, जीर्ण त्वचा, अस्थी, मांस, रक्त सारे जळते आणि ज्वाळांतून एक तेजस्वी कुमार वर येतो. 'जीर्ण त्वचा गेली, नवे शरीर आले' हे बीज येथे आहे. लोककथेने अग्नीच्या जागी ऊन पाणी ठेवले आणि वार्धक्याच्या जागी कुष्ठरोग.

८/ माझ्या मते हा बदल सहज घडलेला नाही. कथा ऐकणारे श्रोते कोण होते, हे तो सांगतो. झऱ्यावर त्वचेचे रोगी येत होते, म्हणून कथेतला ऋषी रोगी झाला. ज्या समाजात कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाई, तेथे एका तपस्व्यालाच तो रोग झाला असे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. रोग पुण्यवंतालाही होतो, असे ही कथा सांगते. रुग्णांच्या याद्या कोणी लिहिल्या नाहीत. त्यांच्या येण्याची नोंद आख्यायिकेने ठेवली.

९/ पाण्याने कोणी बरे होत असे का? येथे एक शब्द नीट पाहावा लागतो. आयुर्वेदातील 'कुष्ठ' म्हणजे केवळ आजचा कुष्ठरोग नव्हे. त्यात ७ महाकुष्ठे आणि ११ क्षुद्रकुष्ठे मोजली आहेत. खाज, खवडे, इसब यांसारखे अनेक विकार त्यांत येतात. क्षारयुक्त ऊन पाण्याने त्यांपैकी काहींना आराम पडणे शक्य आहे. जिवाणूमुळे होणारा कुष्ठरोग मात्र स्नानाने जात नाही. तो जिवाणू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला. म्हणजे एकाच कुंडावरून काही जण बरे होऊन घरी परतत आणि काही परतत नसत.

१०/ आता मित्राच्या प्रश्नाकडे, जपानकडे. तेथे इ.स. ७३३ च्या 'इझुमो फुदोकी' या प्रांतवर्णनात एका झऱ्याच्या पाण्याला देवाचे पाणी म्हटले आहे. पुढे एदो काळात (१६०३–१८६८) सामान्य माणसाला प्रवासासाठी परवाना लागे. तो मिळण्याची मान्य कारणे म्हणजे तीर्थयात्रा आणि औषधी स्नान. 'तोजी' म्हणजे उपचारासाठी झऱ्यावर मुक्काम. तो सात सात दिवसांच्या तीन फेऱ्यांचा धरला जाई. तीन आठवडे राहायचे म्हटले की खोली हवी, चूल हवी, दुकान हवे. त्यातून गावे वाढली.

११/ आपल्याकडे झरा हा तीर्थाचा भाग राहिला. स्नान, दर्शन, नैवेद्य आणि परतीची वाट. यात्रेच्या दिवशी गर्दी, एरवी शांतता. राहायला धर्मशाळा किंवा झाडाची सावली. झरा तितकाच जुना असूनही त्याभोवती बाजारपेठ उभी राहिली नाही, याचे मला पटणारे कारण हे आहे : पाण्यापेक्षा मुक्कामाची रीत गाव घडवते.

१२/ पण चित्रफितींत न दिसणारे एक जपान आहे. कुसात्सु हे तेथील सर्वांत नामांकित झऱ्यांपैकी एक. एदो काळात सुमो मल्लांच्या क्रमवारीसारख्या याद्या छापल्या जात, त्यांत पूर्वेकडचे अग्रस्थान कुसात्सुला असे. तेथेही कुष्ठरुग्ण येत. १८८७ मध्ये त्यांना मुख्य गावातून हलवून युनोसावा या वेगळ्या वस्तीत बसवले गेले. बाहेर काढलेल्या त्या माणसांनी तेथे स्वतःची घरे आणि स्वतःचा कारभार उभा केला.

१३/ मग कायदा आला. १९०७ मध्ये भटक्या रुग्णांना आणि १९३१ मध्ये सर्वच रुग्णांना संस्थांमध्ये ठेवण्याचे धोरण ठरले. १९३२ मध्ये कुसात्सुला सरकारी रुग्णालय निघाले आणि दशकभरात युनोसावा मोडली. त्या रुग्णालयाच्या आवारात १९३८ ते १९४७ या काळात शिक्षेच्या कोठड्या होत्या. ९३ रुग्ण त्यांत डांबले गेले, त्यांतले २३ दगावले. सक्तीचा कायदा रद्द व्हायला १९९६ उजाडले. २००१ मध्ये कुमामोतो न्यायालयाने सरकारला दोषी ठरवले. सुंदर गावालाही तळघर असते.

१४/ परत आमच्या माणसाकडे. त्या काळी किनवट हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात डिचपल्लीला डॉ. इसाबेल केर यांनी १९१५ मध्ये कुष्ठरुग्णालय उभे केले होते. तेथे कडू कवठाच्या जातीतील चौलमुग्राचे तेल टोचत. आमचे पणजोबांचे भाऊ कुंडावर थांबले, डिचपल्लीला पोहोचले की वाटेतच संपले? घरातील वाक्य 'गेलेच' या शब्दापाशी थांबते.

१५/ पुढे काळ पालटला. १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन आणि १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. तेव्हापासून हा आजार गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. ज्या दुखण्यासाठी माणसे घर सोडत होती, त्यासाठी आज उंबरठाही ओलांडावा लागत नाही. भीती मात्र गोळ्यांनी जात नाही.

१६/ उनकेश्वरला आजी कुंडाच्या पायरीवर बसली. पाण्यात पाय सोडून बराच वेळ गप्प होती. मग काकांना म्हणाली, "त्यांचं नाव गणपत होतं. माझ्या सासूबाईंनी मरताना सांगितलं होतं, कुणाला सांगू नको म्हणून." काकांनी ते पहिल्यांदाच ऐकले. मी वही काढली आणि वंशावळीत पणजोबांच्या शेजारी रिकाम्या जागी ते नाव लिहिले.

१७/ मित्रहो, तुमच्याही घरात 'ते गेले, ते गेलेच' असे एखादे वाक्य असेल. गाव कोणते, आजार कोणता, नाव काय, एवढे तीन प्रश्न घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला याच महिन्यात विचारा. तुमच्या जिल्ह्यात ऊन पाण्याचा झरा असेल तर तेथे सांगितली जाणारी कथाही खाली नोंदवा. शरभंग ऋषी आणखी कोठे भेटतात, ते मिळून शोधू.

धागा समाप्त.