नाव, साक्ष आणि अग्रक्रम

एका गावास दोन नावे असणे आपल्याकडे नवलाचे नाही. आपल्या भद्रावतीच्या रेल्वे स्थानकाचे नाव ‘भांदक’ आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३-७४ च्या दौऱ्यानंतर येथील अवशेषांविषयी लिहिले ते भांदक म्हणूनच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इ. स. ७७२ चा ताम्रपटही विद्वानांत भांदकच्या नावानेच ओळखला जातो. भद्रावती हे नाव परंपरा यौवनाश्वाच्या राजधानीशी जोडते. शिवाय कर्नाटकात, भद्रा नदीच्या काठी, लोखंड-पोलादाच्या कारखान्यामुळे नावाजलेली दुसरी भद्रावती आहेच. मग परगावच्या विद्यार्थ्याने शोधयंत्रात नुसते ‘भद्रावती’ लिहिले, तर कोणते गाव त्याच्यापुढे आधी येईल?

हा क्रम कसा ठरतो, याचा इतिहास अवघ्या तीन-चार दशकांचा आहे. माँट्रियल येथे १९९० साली निघालेले ‘आर्ची’ केवळ फायलींची नावे शोधीत असे. पुढील यंत्रे पानावर शब्द किती वेळा आला, यावर बराच भर देऊ लागली. तेव्हा चतुर व्यापाऱ्यांनी तोच शब्द पानभर कोंबण्यास प्रारंभ केला. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील ब्रिन आणि पेज यांनी निराळी कसोटी मांडली. एका पानाकडे इतर किती पाने बोट दाखवितात, आणि त्या बोट दाखविणाऱ्यांचे स्वतःचे वजन किती, हे मोजावे. शास्त्रीय लेखांतील परस्पर-उल्लेखांची सूची युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्येच प्रसिद्ध केली होती. हा विचार त्याच कुळातला. पुढे दुव्यांचाही बाजार मांडला गेला. म्हणून गूगलने २०११ साली पोकळ मजकुरावर आणि २०१२ साली बनावट दुव्यांवर चाप लावला. आज शीर्षकातील शब्द, शोधणाऱ्याचे ठिकाण व भाषा, पान उघडण्याचा वेग, मोबाइलवरील वाचनसुलभता, यांचाही विचार होतो.

इतिहासाच्या अभ्यासकास यात ओळखीचे काही दिसेल. तोही साक्षी गोळा करतो आणि साक्षीदाराचे वजन पाहतो. पण तो एवढ्यावर थांबत नाही. दहा ग्रंथांनी एकच चूक उतरून घेतली असेल, तर त्या दहा साक्षी एकच मानतो आणि मूळ ताम्रपटाकडे जातो. यंत्राचा अग्रक्रम हा प्रसिद्धीचा पुरावा होय, सत्याचा नव्हे.

तथापि जे सापडत नाही ते वाचले जात नाही, आणि जे वाचले जात नाही ते हळूहळू विस्मृतीत जाते. विजासनची लेणी, पार्श्वनाथाचे जैन मंदिर, भद्रनागाचे देवालय यांविषयी आपण लिहावे. आणि लिहिताना भांदक व भद्रावती ही दोन्ही नावे, चंद्रपूर जिल्ह्याच्या उल्लेखासह, द्यावीत. शाळा, ग्रंथालये आणि अभ्यासक यांनी एकमेकांच्या लेखनाचा प्रामाणिकपणे निर्देश करावा. आपल्या गावाची साक्ष आपणच दिली नाही, तर ती परक्याने द्यावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?